ग्लू गनने ओतलेली तटबंदी

टेबलावर चिमुकल्या माणसांनी, म्हणजे मिनिएचरनी, लढाईचे डाव खेळायचे तर भिंती, बुरूज, टेकड्या आणि दरवाजेही मांडावे लागतात. ते विकत आणायचे म्हटलं तर मिनिएचरपेक्षा त्यांचाच खर्च वर जातो. बाहेरून मागवलेल्या रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) सेटवर सीमाशुल्क चढतं, कुरियर चढतं, आणि एवढं करून हातात येतं ते युरोपातलं काहीतरी. पडक्या चर्चच्या कमानी, लाकडी वाशांची खानावळ, नाहीतर तळघरातला तुरुंग. आमच्या पुण्यातल्या गटाला सह्याद्रीतला गड खेळायचा होता. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठेक मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला, तो प्रसंग २८ मिलिमीटरच्या मिनिएचरवर चपखल बसतो. माणसं मोजकी, गड मोठा, वेळ रात्रीची, आणि प्रत्येक मावळ्याची चाल वेगळी खेळता येते. त्यासाठी तटबंदी हवी होती, काळ्या पाषाणाची, चर्या (तटाच्या माथ्यावरच्या पाकळ्या) आणि जंग्या (मारा करायच्या फटी) असलेली. तशी तयार मिळणारी आमच्या पाहण्यात नव्हती, म्हणून घरीच ओतायची ठरवली.

पहिला विचार प्लास्टरचा होता. अमेरिकेतल्या हर्स्ट आर्ट्सच्या सिलिकॉन साच्यांत प्लास्टरचे चिरे ओतून अख्खे किल्ले उभारणारे छांदिष्ट पुष्कळ आहेत, आणि प्लास्टरमध्ये दगडाचा पोत सुरेख उतरतो यात शंकाच नाही. पण आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो. सामान स्कूटरवरून जातं. पुण्यातल्या गतिरोधकांवरून प्लास्टरच्या चर्या शाबूत पोचवणं कठीण. रेझिनला वास येतो, मास्क आणि हातमोजे घालून काटेकोर मोजमाप करावं लागतं, आणि पैसाही बराच जातो. थ्रीडी प्रिंटर आमच्यातल्या एकाकडे आहे, त्यावर दरवाजे आणि तोफा छान निघतात, पण भिंतीमागून भिंत काढायची तर मशीन दिवस दिवस अडकून पडतं. राहिली ग्लू गन, कांडी वितळवून गरम गोंद सोडणारी, जी घरात होतीच.

ग्लू गनची कांडी म्हणजे मुख्यतः ईव्हीए, म्हणजे एथिलिन व्हिनाइल असिटेट. चपलांचे मऊ तळवे ज्या प्लास्टिकच्या फोमचे असतात, तेच हे प्लास्टिक. त्यात चिकटपणासाठी राळेसारखं द्रव्य आणि मेण मिसळलेलं असतं. बाजारात ७ आणि ११ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या कांड्या मिळतात. ओतकामाला ११चीच घ्यावी, आणि गनही ६० वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीची. छोट्या २० वॉटच्या गनमधून रस इतका सावकाश येतो की साच्याच्या एका कोपऱ्यात ओतेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यातला थिजून जातो, आणि दोहोंच्या मध्ये सांधा दिसतो.

आता हिशोब, कारण स्वस्त स्वस्त म्हणतात ते सगळं इथे ठरतं. ११ मिलिमीटर जाडीच्या, २७ सेंटिमीटर लांबीच्या एका कांडीत साधारण २५ घन सेंटिमीटर माल असतो. १५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आणि अडीच सेंटिमीटर जाड अशी भरीव भिंत ओतली तर ३७५ घन सेंटिमीटर, म्हणजे १५ कांड्या लागतात. तीच भिंत अडीच मिलिमीटर जाडीची नुसती साल म्हणून ओतली आणि आत पुठ्ठा किंवा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) घातला, तर एका बाजूला दीड कांडी पुरते. मी घेते त्या दुकानात कांडी दहा रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे एका बाजूचा दर्शनी भाग पंधरा रुपयांत, आणि भरीव भिंत दीडशे रुपयांत. ग्लूने ठोकळे ओतू नयेत. दगडाचा दर्शनी भाग तेवढा ग्लूचा करावा आणि आतल्या भरावाला रद्दीतला पुठ्ठा वापरावा.

पैशापेक्षाही मला ग्लू आवडला तो एका वेगळ्या कारणासाठी. आपले बुरूज गोल असतात. राजगडाची संजीवनी माची बघा, किंवा रायगडाच्या महादरवाज्याचे दोन्ही अंगांचे बुरूज बघा. दगडाचे थर वळत वळत जातात आणि बुरूज खाली रुंद, वर निमुळता होतो. प्लास्टरची फरशी वाकत नाही, कडक रेझिनची वाकवली तर मोडते, म्हणून गोल बुरुजाला वेगळा साचा करावा लागतो आणि प्रत्येक घेराला पुन्हा वेगळा. ग्लूची साल वाकते. सरळ भिंतीचा एकच साचा असला की त्याच साच्यातून तटही निघतो आणि बुरूजही. ग्लूचा मऊपणा हा त्याचा दोष म्हणून सांगतात. आपल्या गडांसाठी मला तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मूळ नमुना शाडूचा केला. आमच्या भागात गणपतीचा कारखाना आहे, तिथल्या मूर्तिकारदादांनी मळलेली शाडू दिली. खेळात एक इंच म्हणजे पाच फूट धरतात, म्हणजे प्रमाण १:६०. दीड फुटी चिरा त्या हिशोबाने ७-८ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर उंच येतो. शाडू वाळताना आक्रसते, म्हणून जराशी मोठी फरशी थापली, ती पिठासारखी मऊ न राहता नखाला थोडी दाद देईल इतपत सुकू दिली आणि मग सुईने सांधे कोरले. खालच्या थरात मोठे चिरे, वर लहान. एकाच मापाचे सगळे चिरे कोरले की ती बंगल्याची कंपाउंड वॉल दिसते, गडाची भिंत दिसत नाही. अधूनमधून दोन लहान चिऱ्यांच्या फटीत चीप बसवल्यासारखा तुकडा कोरला. गडावर बारकाईने पाहिलं की अशा चिपा जागोजागी दिसतात.

दगडाचा पोत आणायला दगडच वापरला. रस्त्याच्या कामाला पडलेल्या खडीच्या ढिगातून ताज्या फुटलेल्या बसाल्टचे चार-पाच तुकडे उचलले. त्यांची फुटलेली बाजू प्रत्येक चिऱ्यावर हलकेच दाबायची, दर वेळी तुकडा थोडा फिरवायचा, म्हणजे एकच ठसा दोनदा दिसत नाही. बसाल्टमधली बारीक छिद्रंसुद्धा शाडूवर उमटतात. तळहातावर घेऊन तिरक्या उजेडात धरलं तेव्हा एकेका चिऱ्याचा चेहरा वेगळा दिसत होता, आणि तिथेच मला हे काम मनापासून लागलं. (ठसे घ्यायला कुणी गडावरच्या दगडाला माती किंवा सिलिकॉन लावू नये. ती संरक्षित स्मारकं आहेत, आणि तोच दगड खडीच्या ढिगात फुकट मिळतो.)

वाळवण्याबद्दल दादांनी आधीच बजावलं होतं. "ताई, उन्हात ठेवू नका. वरून वाळते, आतून ओली राहते, मग तडकते. ओलं फडकं टाकून सावलीत सोडा, दुसऱ्या दिवशी फडकं काढा." तसंच केलं. फरशी पूर्ण वाळल्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात दिले, कारण कोरडी शाडू काहीही शोषून घेते आणि सिलिकॉन तिच्यात धरून बसतं. पॉलिशवर व्हॅसलिनचा अगदी झिरझिरीत थर, तोही ब्रशने सांध्यांतून निपटून काढलेला. व्हॅसलिन सांध्यात साचलं तर तेवढा सांधा साच्यात बुजतो.

साच्यासाठी सिलिकॉन आणायला बोहरी आळीत गेले. दुकानदारकाकांनी विचारलं, "काचेला लावायचंय का बाथरूमला?" साचा करायचाय म्हटल्यावर म्हणाले, "मग जीपी न्या, ताई. न्यूट्रल महाग पडेल, त्याची तुम्हाला गरज नाही." जीपी म्हणजे जनरल पर्पज, व्हिनेगरचा उग्र वास येणारं सिलिकॉन सीलंट. वास येतो कारण घट्ट होताना त्यातून असेटिक आम्ल सुटतं. म्हणून हे काम गॅलरीत करावं, आणि हातमोजे घालून. रेझिनवाले वापरतात ते दोन भागांचं ओतायचं सिलिकॉन याहून सुबक साचा देतं, पण ते बऱ्यापैकी महाग आहे. भिंतीच्या पोताला सीलंट पुरतं.

सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत. जाड गोळा नुसता ठेवला तर वर कातडं धरतं आणि आत दिवसेंदिवस कच्चं राहतं. यावर तोड म्हणजे कॉर्नफ्लोअर. त्यात मुळातच थोडा ओलावा असतो, तो पिठाबरोबर गोळ्याच्या पोटापर्यंत पोचतो आणि सगळा गोळा एकदमच घट्ट व्हायला लागतो. पण पिठाने गोळा जाडसर होतो आणि बारीक पोत नीट पकडत नाही. म्हणून मी दोन टप्प्यांत केलं. आधी नुसतं सीलंट नमुन्यावर घातलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने प्रत्येक सांध्यात दाबत दाबत पातळ पसरलं. ते वरून सुकल्यावर सीलंट आणि कॉर्नफ्लोअर आकारमानाने जवळपास सारखं घेऊन, पोळ्यांच्या कणकेइतकं मळून, त्याचा जाड थर वर थापला. मळायला लागल्यावर हातात वेळ फार नसतो. पीठ जास्त पडलं की गोळा लवकर आवळतो, आणि पावसाळी हवेत तर आणखीच लवकर. थापून झाल्याबरोबर वरून गुळगुळीत फरशी दाबली, म्हणजे साच्याची पाठ सपाट येते. साचा टेबलावर डुगडुगला तर त्यातली भिंतही एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ निघते.

रात्रभर ठेवून साचा सोडवला. मऊ असल्यामुळे कडेकडेने उलटा करत गेलं की सुटतो. शाडूचा नमुना त्यात थोडा कोपऱ्यांना झडला, पण साचा हातात आल्यावर त्याची गरज उरली नव्हती. घट्ट झालेलं सिलिकॉन २०० अंशांपर्यंतची उष्णता सहज सोसतं, आणि मोठ्या गनच्या तोंडातून ग्लू जास्तीत जास्त १९० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. शिवाय ग्लू सिलिकॉनला चिकटत नाही. म्हणून दर वेळी तेलपाणी न लावता ओतत राहता येतं.

ओतण्यात खरी मेहनत असते ती बुडबुड्यांशी. गनचं टोक साच्याच्या तळाशी टेकवायचं, आणि रस वर आला तरी टोक रसात बुडालेलंच ठेवून पुढे सरकवायचं. वरून धार सोडली की चिऱ्यांच्या कोपऱ्यांत हवा अडकते आणि दगडाला भोकं पडतात. साचा थंड असेल तर पहिल्या क्षणी लागलेला रस तिथेच थिजतो आणि बारीक पोत धूसर येतो, म्हणून ओतायच्या आधी हेअर ड्रायरने साचा चांगला गरम करून घ्यावा. डिसेंबरच्या सकाळी तर हे केल्याशिवाय चालत नाही. साच्यात आधी टाल्कम पावडर भुरभुरून, उलटा करून झटकली की ग्लूची प्लास्टिकची चमक जाते आणि पुढे रंगही नीट धरतो. ओतून झालं की लगेच वर बेकिंगची सिलिकॉन मॅट टाकून लाटण्याने हलक्या हाताने लाटायचं. जाडी सारखी होते, वरचा जास्तीचा माल कडेला निघतो. तो वाया जात नाही. कात्रीने तुकडे करून ठेवायचे आणि पुढच्या ओतकामात मागच्या बाजूला भराव म्हणून टाकून वर गरम रस सोडायचा.

थंड होण्याची घाई करू नये. वरून हाताला गार लागला तरी आत ऊब असते, आणि उबेत ओढून काढलेला तुकडा वाकडा होऊन तसाच राहतो. साचाच थंड पाण्यात ठेवला की काम लवकर होतं. पाण्याचं भांडं असंही शेजारी ठेवायलाच हवं. गरम ग्लू कातडीला चिकटून बसतो आणि तिथेच भाजत राहतो, तेव्हा ओढून काढायला न जाता बोट आधी पाण्यात घालावं. लहान मुलं मदतीला असतील तर त्यांना रंगकामाला बसवावं, गन देऊ नये.

बुरुजाला रिकामा पुठ्ठ्याचा नळा आतून आधाराला घेतला आणि त्याला खालून वर निमुळता करण्यासाठी पुठ्ठ्याचं घेरदार आवरण लावलं. इथे भूमिती आडवी येते. सरळ पट्टी निमुळत्या आकाराभोवती गुंडाळली की तिची दोन टोकं एका रेषेत येत नाहीत, थर वरखाली सरकतात. अख्खी साल एकदम गुंडाळण्याऐवजी तिच्या दोन-दोन थरांच्या पट्ट्या कापल्या, कापही चिऱ्यांच्या सांध्यावरूनच. अरुंद पट्टी ड्रायरने जरा गरम केली की खालच्या कडेला थोडी ताणली जाते आणि घेराला अंगासरशी बसते. प्रत्येक पट्टीचा जोड आधीच्या जोडापासून लांब ठेवायचा, गवंडी विटांचे सांधे चुकवतो तसंच. उरलेल्या फटीत गनने बारीक ठिपका सोडून ओल्या बोटाने दाबला की तिथे आणखी एक चीप तयार.

चर्यांना वेगळा छोटा साचा केला, वरून गोलसर पाकळीच्या आकाराचा. त्या टेबलावर सगळ्यात जास्त हाताळल्या जातात, खेळाडूंची बोटं मिनिएचर उचलताना त्यांनाच लागतात, आणि ग्लूच्या चर्या वाकून पुन्हा सरळ होतात. जंग्यांना मात्र साचा लागत नाही. साल बसवण्याआधी धारदार कटरने उभी फट पाडायची, बाहेरच्या बाजूला खाली उतरती, कारण खऱ्या जंग्यांचा रोख तटाखाली आलेल्या शत्रूवर असतो. तटाच्या आतल्या अंगाला फांजी, म्हणजे पहाऱ्याला चालायची वाट, सनबोर्डची केली, मिनिएचरचा एक इंची तळ सहज उभा राहील इतकी रुंद.

रंग देण्याआधी सगळं भांड्याच्या साबणाने धुवून घेतलं. पावडर आणि हाताचं तेल गेल्याशिवाय ग्लूवर रंग टिकत नाही. पहिला हात फेविकॉल आणि काळा अॅक्रिलिक रंग एकत्र करून, थोडंसंच पाणी घालून दिला. हा लवचिक थर सालीवर घट्ट बसतो. तो वाळल्यावर दुसरा हात. वाकवायचं ते आधी वाकवून घ्यावं आणि मगच रंगवावं. स्प्रे पेंटच्या वाटेला मी गेले नाही, त्यातल्या द्रावकांनी ग्लूचा पृष्ठभाग चिकट राहू शकतो.

काळा पाषाण काळा नसतो, हे रंगवायला बसल्यावर पुरतं पटतं. उन्हाळ्यात तो करडा, थोडा तपकिरी दिसतो. पावसात भिजला की काळा, आणि सांध्यांतून हिरवा. काळ्या हातावर गडद करडा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने आडवा फिरवला, मग त्यात मातकट तपकिरी मिसळून पुन्हा, मग फक्त चिऱ्यांच्या वरच्या कडांना फिका करडा. खडीच्या तुकड्याने उमटवलेला सगळा पोत इथे वर येतो. शेवाळासाठी पातळ हिरवा रंग सांध्यांत सोडला, आणि काही चिऱ्यांवर फिक्या राखाडी-पिवळसर ठिपक्यांनी दगडफूल काढलं. तटाच्या पायथ्याशी चहाचा वाळवलेला चोथा आणि वाळू फेविकॉलवर टाकली.

गडावर पाण्याचं टाकं हवंच. त्यासाठी ग्लूची पारदर्शकता कामाला आली. टाक्याचा तळ गडद हिरवा-काळा रंगवून त्यावर पारदर्शक ग्लू पातळ ओतला आणि गार होण्याआधी ड्रायरची ऊब दिली, म्हणजे वरचे बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभाग एकसारखा पसरतो. कड्यावरून कोसळणारा पावसाळी धबधबा बटर पेपरवर केला. ग्लूच्या उभ्या रेघा एकमेकींना लागून सोडायच्या, गार झाल्यावर कागद सोलायचा आणि रेघांवर पांढरा रंग कोरड्या ब्रशने फिरवायचा.

पन्हाळ्याचा डाव या तटबंदीवर आम्ही खेळलो. पिशवीत एकावर एक टाकून नेलेल्या भिंतींचा एकही टवका उडाला नव्हता. मावळ्यांची बाजू घेतलेल्या दोघांनी एका बुरुजाखालची अंधारी जागा हेरून तिथूनच चढाई केली, आणि गोल बुरुजामुळे वरच्या पहारेकऱ्याला खालचं नेमकं किती दिसतं यावर बराच वेळ खल झाला. सरळ भिंतींच्या टेबलावर असा प्रश्न आम्हाला कधीच पडला नव्हता. शेवटी दोरा ताणून नजरेची रेषा ठरवली आणि पहारेकरी चढणाऱ्यांना पाहू शकत नाही असं निघालं.

ठेवण्याबद्दल एक सांगायला हवं. मे महिन्यात हे तुकडे उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत. ग्लू नरम पडतो आणि वर वजन असेल तर तसाच बसतो. आत सनबोर्ड चिकटवलेल्या भिंती बऱ्यापैकी तग धरतात, नुसत्या साली धरत नाहीत.

आता कोकणातला जलदुर्ग करायचा आहे. तिथला जांभा खडबडीत आणि छिद्राछिद्रांचा, त्याला बसाल्टचा ठसा चालणार नाही. ओल्या शाडूवर भांडी घासायचा जुना स्पंज फाडून, त्याच्या फाटक्या बाजूने ठसे घेऊन पाहिले. पोत बराच जवळ आला आहे. चिरे मात्र तासलेले आणि मोठे ठेवले आहेत, एकेक सेंटिमीटरचे. फरशी सध्या ओल्या फडक्याखाली सावलीत आहे. ती नीट वाळली की लाखेचा हात द्यायचा आणि सीलंट आणायला परत बोहरी आळीत जायचं.